रविवारी पोट दुखत नव्हतं

हे मी टाइप केलेलं नाही, मोबाइलसमोर बसून बोललोय. का, ते पुढं येईलच.

माझा धाकटा, घरात आम्ही त्याला चिन्ना म्हणतो, तिसरीत होता तेव्हा रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट धरून बसायचा. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू-कन्नड-मराठी सगळं मिसळून, आणि शाळा मराठी. पोटासाठी जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली. माझ्या अम्मानं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, एका गुरुवारी गळ्यात ताईत आला. पोट दुखायचं थांबेना.

शेवटी लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी रिपोर्टची पिशवी उघडलीच नाही. विचारलं, "रविवारी दुखतं का?"

मी बायकोकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. रविवारी दुखत नव्हतं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात तीनदा बसला, वर भजी खाल्ली, तेव्हाही काही झालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दुखणं खोटं नाही. पोराला खरंच दुखतंय, फक्त कारण पोटात नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मानसशास्त्रज्ञाकडं जा. "मानस" ऐकून मी तिथंच अर्धा उठलो होतो.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. शाळेतून वर्षभर शेरे येत होते, 'लक्ष देत नाही', 'आळशी', 'घरी अभ्यास घ्यावा'. मग मी घरी अभ्यास घ्यायचो, म्हणजे शेजारी फूटपट्टी घेऊन बसायचो. 'घर'ला तो 'धर' वाचायचा, 'भात'ला 'मात'. ओळ संपली की खालची सोडून तिसऱ्याच ओळीवर जायचा. एकाच पानावर 'शाळा' तीन तऱ्हेनं लिहायचा आणि तिन्ही चुकलेले. मला वाटायचं, मुद्दाम करतोय. एका रात्री फूटपट्टी मोडली. त्याच रात्री तो अंथरुणात भिजला, आठ वर्षांचा पोरगा. आणि नंतर एकदा भिंतीवर डोकं आपटत म्हणाला, मी गाढवच आहे, मला सोडून द्या कुठंतरी. बायकोनं रात्री साडेअकराला 14416 वर फोन लावला. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 2022 पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती पोरासाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. आज रात्री त्याचा अभ्यास कोणीही घ्यायचा नाही, बापानं तर नाहीच.

मानसशास्त्रज्ञ बाई तरुण होत्या. शाळेचं म्हणणं होतं की घरी तेलुगू बोलता म्हणून पोरगा मराठीत कच्चा. आम्हीही तेच धरून बसलो होतो, कारण ते सोयीचं होतं. बाईंनी त्याला मराठीत एक गोष्ट सांगायला लावली. त्यानं कारखान्यातल्या मांजरीची गोष्ट हातवारे करून अशी सांगितली की बाई हसल्या. मग तिसरीचा एक उतारा पुढं ठेवला आणि हाच पोरगा घामाघूम झाला. बाई म्हणाल्या, भाषा त्याला येते, अडतंय ते अक्षरांपाशी. आणि भाषेचाच दोष असता तर मोठ्या मुलीचंही हेच झालं असतं. तेच घर, तीच शाळा, आणि ती वर्गात दुसरी.

नंतर विचारलं, "घरात आणखी कुणाला वाचायला त्रास व्हायचा का? हे बऱ्याचदा घराण्यात असतं."

बायको काही बोलली नाही, पण बघत होती माझ्याकडंच.

मी सातवीत शाळा सोडली. बँकेत स्लिप भरायची वेळ आली की शेजारच्याला म्हणतो, "चष्मा घरी राहिला, जरा भरा की." माझ्याकडं चष्मा नाहीच. लूम कुठं अडकलाय ते मी आवाजावरून सांगतो, पण कामगारांची नोटीस लागली की दुसरं कोणी वाचेपर्यंत थांबतो. माझ्या बापानंही मला मारलं होतं, ह्याच कारणासाठी. आणि मी चिन्नाला मारताना एकदाही ते आठवलं नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

पुढची पायरी दिव्यांग प्रमाणपत्राची, आणि घरात खरी भांडणं इथं झाली. अम्मा जन्मभर विड्या वळत आली. सूप मांडीवर घेऊन, मान वर न करता म्हणाली, "धडधाकट पोराला अपंग म्हणून लिहून आणताय?" बायकोचं म्हणणं, पुढं कुणी चिडवलं तर? मी मधल्या मध्ये. शेवटी विशेष शिक्षिका घरी आल्या (बाईंनीच सुचवलेल्या, तासाला 400 रुपये, आठवड्यातून दोनदा) आणि त्यांनी समजावलं. दिव्यांग हक्कांचा नवा कायदा 2016 चा. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, ह्यात 21 आहेत, आणि त्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे. म्हणजे बुद्धी ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणित ह्यात मेंदूची वाट वेगळी. स्वमग्नता वेगळी, मतिमंदत्व वेगळं, त्यांचे कागदही वेगळे. अम्माला त्या म्हणाल्या, कागद पोराला चिकटवायचा नाही, शाळेला दाखवायचा.

अर्ज ऑनलाइनच करावा लागतो. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा टाकायचा, रुग्णालय निवडायचं. फॉर्म बायकोनं भरला, का ते आता कळलंच असेल. तपासणी एका दिवसात होत नाही, हे मात्र आधीच लक्षात ठेवा. डोळे-कान झालेच होते, पुन्हा बघितले. मग बुद्ध्यांकाची चाचणी. ती आधी का, तर बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचता येत नाही हे दिसायला पाहिजे. मग बेंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेची म्हणून एक चाचणी असते, त्यात वाचन, शुद्धलेखन, उतारा समजणं, गणित असं वेगवेगळं बघतात. आमच्या तीन फेऱ्या झाल्या. मला तीन खाडे. एक तारीख नेमकी नळाला पाणी यायच्या दिवशी आली. सोलापूरकरांना सांगायला नको त्या दिवशी घर सोडणं म्हणजे काय असतं. शेजारणीकडं किल्ली देऊन गेलो.

पोराला काय सांगून न्यायचं, ह्यावर आम्ही चुकलो. पहिल्या वेळी "डॉक्टरकडं, सुई नाही" एवढंच सांगितलं. तो आत गेला तो रडतच, आणि काही उत्तरच देईना. दुसऱ्या वेळी विशेष शिक्षिकांनी सांगितल्याप्रमाणं खरं सांगितलं: तुला अक्षरं का त्रास देतात ते शोधायला चाललोय, परीक्षा नाही, नापास कुणी होत नाही. मग शांत बसला.

कार्ड आलं, पिवळ्या पट्टीचं. अक्षमता चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधली असली की पिवळी पट्टी. अम्मानं ते उलटसुलट करून बघितलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिलं.

मग शाळा. तिथल्या मोठ्या साहेबांनी पहिलं वाक्य टाकलं, "आमच्याकडं असली मुलं नाहीत." विशेष शिक्षिकांनी कायद्याचं कलम 16 छापून दिलं होतं. बायकोनं ते उभ्यानं वाचून दाखवलं. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करणं, हे त्यात शाळेकडं दिलंय. पोराकडं नाही. साहेबांनी कागद ठेवून घेतला. लगेच काही झालं नाही. दोन वेळा पुन्हा गेलो, एकदा 'समग्र शिक्षा' ह्या सरकारी शिक्षण योजनेच्या विशेष शिक्षकांना बरोबर घेऊन, तेव्हा बसून बोलणं झालं. ठरलं ते असं: फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नाही, वर्गात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करायचं नाही, काही उत्तरं तोंडी, आणि शुद्धलेखनाचे गुण इतर विषयांत कापायचे नाहीत. दहावीला तासाला 20 मिनिटं जास्त मिळू शकतात, लेखनिकही मागता येतो, पण त्यासाठी कागदपत्रं आधीपासून जुळलेली पाहिजेत. दहावी लांब आहे म्हणून बसून राहू नका.

घरचं काम आमच्याकडं आलं. रोज वीस मिनिटं, जास्त नाही. ताटात रवा पसरून त्यात बोटानं अक्षर काढायचं, तोंडानं आवाज करत. 'घ' आणि 'ध' एका दिवशी घ्यायचे नाहीत. मी टॉवेलच्या पॅकिंगच्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून आणली. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकतात. बहीण धडे वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करते, तो ऐकतो. पाठ व्हायला त्याला दोनदा पुरतं.

त्या खिडकीतून मीही वाचून बघतो, रात्री, सगळे झोपल्यावर. जमतं थोडं.

चिन्ना आता सहावीत आहे. मराठीत काठावर, विज्ञानात चांगला. अजून वाचनाचा तास असला की नाश्ता अर्धाच खातो, पण जातो. शाळेतल्या एक जुन्या बाई अजूनही त्याला 'स्पेशल केस' म्हणतात, तेही हसून. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी आहे, ती तारीख बायकोनं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलीय. कारखान्यातला एकजण परवा विचारत होता, "काय बे, फायदा काय झाला त्या कार्डाचा?" त्याला सांगितलं, फूटपट्टी घरात नाही आता.

हे सगळं बोलून झाल्यावर बायकोनं वाचून दाखवलं, चिन्नालाही ऐकवलं. मारल्याचा भाग काढू का, मी त्याला विचारलं. चपातीचा तुकडा तोंडात होता. म्हणाला, "राहू दे की पप्पा. झालंय ते झालंय." आणि मांजरीची गोष्ट नीट सांगितली नाही म्हणून माझ्यावर रुसला.