भुतं, पानगळ आणि रिकामी डी तार

सप्टेंबर लागला की आमच्या हौशी तंतुवाद्यांच्या ग्रुपमध्ये कुजबुज सुरू होते. ३१ ऑक्टोबरच्या आसपास हॅलोविनचा कार्यक्रम असतो आणि प्रत्येकाच्या मनात एखादी चीज आधीच ठरलेली असते. ज्याचा हात पाचव्या पोझिशनमध्ये, म्हणजे तारेवर बराच वर, आरामात फिरतो त्यालाही ‘दांस मकाब्र’ हा सांगाड्यांचा नाच हवा असतो आणि ज्याचं चौथं बोट अजून तारेवर टेकायला तयार नाही त्यालाही तोच हवा असतो. आमच्यात शाळकरी मुलं आहेत, निवृत्तीनंतर पहिल्यांदा व्हायोलिन हातात घेतलेले काका आहेत, लहानपणी सगळ्या परीक्षा देऊन मग वर्षानुवर्षं वाद्य पेटीत बंद ठेवलेल्या दोघीतिघी आहेत. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुराचा भाऊ, कायम कमी. मी त्याहून मोठा, खर्जाचा चेलो वाजवते, आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलंय अशी तक्रार करत असले तरी ते दुसऱ्या कोणाला देण्याची माझी तयारी नाही.

शरद ऋतूचं संगीत म्हणजे हळुवार, नवख्यांना झेपेल असं, आणि भुताखेतांचं संगीत म्हणजे कसलेल्यांचं काम, असा एक समज असतो. मला हे बरोबर उलटं वाटतं. पानगळीची धून लांब, उघडी आणि संथ असते. एक स्वर जरा उतरला तरी कानाला टोचतो, गज मध्येच अडखळला तर लपायला जागा नसते. भीतीच्या संगीतात थरथर मुळातच अपेक्षित असते. ट्रेमोलो (गज भराभर मागेपुढे हलवणं), पिझिकाटो (तार बोटानं छेडणं), एकाच खालच्या स्वरावर धरून ठेवलेली आस, गजाच्या लाकडानं तारेवर केलेली टकटक, यातलं बरंचसं डाव्या हाताला फारसं कामाला न लावता होतं. आणि डावा हातच तर नवख्यांची खरी अडचण असते.

म्हणून नोटेशन हातात आलं की पहिल्या व्हायोलिनची ओळ मी सगळ्यात शेवटी बघते. आधी सर्वांत सोपी ओळ वाचते. ही ओळ काढून टाकली तर ऐकणाऱ्याला कळेल का? कळणार नसेल तर ती अरेंजमेंट, म्हणजे ग्रुपसाठी केलेली मांडणी, कितीही देखणी असली तरी बाजूला. सोपी ओळ आणि बिनकामाची ओळ यात फरक असतो, आणि तो वाजवणाऱ्याला पहिल्या सरावातच समजतो. आमच्या काकांनी एकदा स्पष्टच सांगितलं, “ताई, सोपं द्या, पण उगाच बसवून ठेवल्यासारखं देऊ नका हो.”

मग येतात रिकाम्या, म्हणजे बोट न ठेवता वाजवायच्या, तारा. व्हायोलिनला जी-डी-ए-ई, व्हायोला आणि चेलोला सी-जी-डी-ए, डबल बासला ई-ए-डी-जी. म्हणजे जी, डी आणि ए या तीन तारा चारही वाद्यांत आहेत. चीज या तीन स्वरांभोवती फिरत असेल तर ज्याला एकही बोट ठेवता येत नाही तोही पहिल्या दिवसापासून सुरात असतो. डी मायनर आणि जी मायनर या हॅलोविनच्या लाडक्या, कोमल गंधाराच्या पट्ट्या नेमक्या इथेच बसतात. डी मायनरमध्ये नवख्यांना एफ साठी दुसरं बोट मागे घ्यायला शिकवावं लागतं, कारण त्यांचा हात डी मेजरच्या एफ-शार्पला, म्हणजे अर्ध्या स्वरानं चढ्या एफला, सवकलेला असतो. तेवढं शिकवायला सप्टेंबर पुरतो.

‘दांस मकाब्र’चंच बघा. कामीय सँ-साँसनं १८७४ मध्ये लिहिलेली ही चीज सुरू होते मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांनी. मूळ ऑर्केस्ट्रात हार्प डी हा एकच स्वर बारा वेळा वाजवते. आमच्याकडे हार्प नाही, पण डी तार सगळ्यांकडे आहे. ते बारा ठोके मी काकांना दिले. रिकामी डी तार, पिझिकाटो, बारा वेळा. ते हसले, “एवढंच?” मी म्हटलं, “काका, तुम्ही अकरावर थांबलात तर मध्यरात्रच होणार नाही.” मग त्यांनी घरी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, लावून सराव केला. आवाज शेवटपर्यंत एकसारखा ठेवायचा, आणि मनात मोजताना ओठ हलवायचे नाहीत.

त्यानंतर येतो तो सोलो व्हायोलिनचा प्रसिद्ध किंचाळता जोडस्वर. इथे सँ-साँसनं ई तार अर्ध्या स्वरानं उतरवून ई-फ्लॅटला लावायला सांगितली आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर शेजारच्या दोन तारांचं सा-प मोडून सा आणि तीव्र मध्यम केलं आहे. दोन्ही तारा रिकाम्या असल्यामुळे तो आवाज उघडा, कर्कश आणि भरदार येतो. आता ज्याला हे वाजवायचं त्याच्यापुढे दोन वाटा. एक म्हणजे दुसरं व्हायोलिन आधीच उतरवून जवळ ठेवायचं, कारण ऐन वेळी उतरवलेली तार जागेवर राहत नाही. दुसरी म्हणजे ए हा स्वर डी तारेवर चौथ्या बोटानं आणि ई-फ्लॅट ए तारेवर तिसरं बोट पुढे सरकवून घ्यायचा. स्वर तेच, पण गूंज अर्धी. मी पहिल्या वाटेच्या बाजूनं असते. भूत वाजवायचंच तर नीट वाजवावं.

हाडांच्या खडखडाटासाठी मुळात झायलोफोन आहे. तो नसेल तर मधल्या व्हायोलिन आणि व्हायोलांना मी कोल लेन्यो देते, म्हणजे गज उलटा करून लाकडानं तारेवर टिपरी मारल्यासारखं वाजवायचं. ज्यांचे गज महाग आहेत त्यांची तोंडं लगेच वाकडी होतात, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी पेन्सिल वापरावी. आवाज जवळपास तोच येतो आणि गजाच्या पॉलिशवर ओरखडे पडत नाहीत. आमच्या मुलांचा हा सगळ्यात आवडता भाग, इतका की त्यांच्या हातातून पेन्सिली परत काढून घ्याव्या लागतात.

एडवर्ड ग्रीगचं ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ दरवर्षी कोणीतरी सुचवतं आणि दरवर्षी मी हो म्हणते. हेन्रिक इब्सेनच्या ‘पेर ग्युंट’ नाटकासाठी लिहिलेलं हे संगीत १८७६ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर ऐकू आलं. मिश्र ग्रुपसाठी याच्याइतकी सोयीची रचना शोधून सापडणार नाही, कारण एकच छोटी धून पुन्हा पुन्हा येते, फक्त चढत्या आवाजात आणि वाढत्या लयीत. सुरुवात खालच्या वाद्यांकडे असते, हेही माझ्या चेलोप्रेमी मनाला बरं वाटतं.

मूळ पट्टी बी मायनर. मी ती ई मायनरमध्ये घेते, म्हणजे व्हायोलिनवाल्यांना पहिल्या पोझिशनमध्ये सगळी धून मिळते. ई ला सा धरलं तर ती अशी जाते: सा रे ग म प ग प, यातला गंधार कोमल. मग तीव्र म, शुद्ध रे, तीव्र म. आणि लगेच शुद्ध म, कोमल रे, शुद्ध म. दोन मध्यम आणि दोन ऋषभ एकापाठोपाठ एक! जिवाला चुटपुट लावणारी सगळी जादू त्या सहा स्वरांत आहे, आणि नवख्यांची सगळी गाडीही तिथेच घसरते. बोटं सांगून हे लवकर समजत नाही. गाऊन समजतं. म्हणून आम्ही वाद्यं मांडीवर ठेवून आधी सरगम म्हणतो. मग व्हायोलिनवर तीव्र मध्यमासाठी ए तारेवरचं पहिलं बोट मागे ओढायचं, शुद्ध मध्यम म्हणजे रिकामी ए तार, आणि कोमल ऋषभासाठी डी तारेवर दुसरं बोट मागे. चेलोवर तोच तीव्र मध्यम पहिलं बोट ताणून घ्यावा लागतो आणि धुनीतला सर्वांत वरचा ई गाठायला हात सरकवावा लागतो. नवख्या चेलोंना म्हणूनच मी धून देत नाही, फक्त ठोका देते.

लयीबद्दल एक गोष्ट मी हट्टानं करते. आधी शेवट बसवते. सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त किती वेगात शेवटचं पान वाजवता येतं ते मेट्रोनोमवर पाहायचं, तो आकडा लिहून ठेवायचा आणि तिथून मागे मागे येत सुरुवातीची लय ठरवायची. बहुतेक ग्रुप पहिल्याच पानावर उत्साहात इतके पळतात की पुढे वाढवायला काही उरत नाही. सुरुवात कंटाळा येईल इतकी संथ आणि हळू आवाजात ठेवली की शेवटी माफक वेगही भन्नाट वाटतो.

शार्ल गूनोचं ‘फ्युनरल मार्च ऑफ अ मॅरिओनेट’ डी मायनरमध्ये आहे आणि विनोदी आहे. आल्फ्रेड हिचकॉकच्या टीव्ही मालिकेमुळे ती धून कानाला ओळखीची असते. बोटांना सोपं, पण सहा-आठच्या (सहा मात्रांच्या) तालात मध्ये मध्ये शांतता आहे आणि त्या शांततेत कोणीतरी हमखास वाजवतं. लहान मुलांना यातल्या थांब्यांवर श्वास घ्यायला शिकवलं की काम होतं. मोठ्यांना जास्त वेळ लागतो.

आता पानगळ. विवाल्डीचं ‘ऑटम’ सगळ्यांना ठाऊक असतं. १७२५ मध्ये छापल्या गेलेल्या चार ऋतूंच्या कॉन्चेर्तोंपैकी हा तिसरा. कॉन्चेर्तोची घडणच मिश्र पातळीची आहे: सोलो वाजवणारा एक कसलेला आणि बाकी सगळ्यांना पुन्हा पुन्हा येणारा सोपा तुकडा. अडचण एवढीच की पट्टी एफ मेजर, आणि तिच्यातला बी-फ्लॅट नवख्यांच्या बोटांना नकोसा असतो. पट्टी बदलली तर सोलोवाल्याच्या रिकाम्या तारांची सोय बिघडते. दरवर्षी या प्रश्नावर आमच्यात वाद होतो.

म्हणून मी त्याच्या दुसऱ्या मूव्हमेंटकडे, म्हणजे दुसऱ्या भागाकडे, वळले. कापणीच्या सणात पिऊन झोपी गेलेले लोक, असा तिचा प्रसंग. सगळ्या तंतुवाद्यांना आवाज दबवणारे म्यूट लावलेले, धून अशी नाहीच, नुसते लांब स्वर हळूहळू रंग बदलत जातात आणि हार्प्सिकॉर्ड सुटे सुटे स्वर छेडत राहते. हार्प्सिकॉर्डच्या जागी कीबोर्ड चालतो. पट्टी डी मायनर. ऐकताना शरदही वाटतो आणि थोडं भुताटकीचंही वाटतं. डाव्या हाताला काम कमी, पण उजव्या हाताची परीक्षा आहे: एक गज टोकापर्यंत पुरवायचा, मध्ये फुगवायचा नाही, बदल ऐकू येऊ द्यायचा नाही. आमच्यातल्या सगळ्यात तयार मुलीला हे सर्वांत अवघड गेलं, कारण तिला शांत बसवत नाही. उलट काकांचा गज तिथे सुंदर चालला.

चायकोव्स्कीचं ‘ऑक्टोबर’ मला मनापासून आवडतं. ते पियानोसाठी लिहिलेलं, उदास, डी मायनरमधलं. पण ते मी सगळ्यांना देत नाही. चौघांनी वाजवावं, बाकीच्यांनी तेवढ्या वेळात हात मोकळे करावेत.

वाटणीबद्दल थोडं. सगळे नवखे तिसऱ्या व्हायोलिनमध्ये कोंबायचे नाहीत. तिसरं व्हायोलिन म्हणजे बहुतेकदा व्हायोलाचीच ओळ व्हायोलिनवाले वाचतात त्या ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेली असते, आणि आमच्यासारख्या व्हायोला-टंचाईच्या ग्रुपमध्ये ती भक्कम हवी. मी नोटेशनच्या प्रत्येक स्टँडवर एक पक्का आणि एक कच्चा असे बसवते. पक्क्यांनी जोरात वाजवून कच्च्यांना झाकायचं नाही, ही अट.

सिनेमातल्या धुना मागणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. ग्रीग, गूनो, सँ-साँस यांच्या मूळ रचनांवर आता कोणाचा हक्क नाही, आपण हव्या तशा सोप्या करून घेऊ शकतो. सिनेमाच्या संगीताला परवानगी लागते, आणि दुसऱ्यानं नव्यानं केलेल्या अरेंजमेंटचेही हक्क त्याच्याकडे असतात. फोटोकॉपी मारून वाटणं मला जमणार नाही.

राहता राहिले वेश. मुखवटा घालून हनुवटी चिनरेस्टवर बसत नाही. खोटी नखं डाव्या हाताला चालत नाहीत. चेटकिणीची टोकदार टोपी पुढच्या स्टँडवर असली की मागच्यांना मी दिसत नाही, त्यामुळे टोप्या फक्त मागच्या रांगेत. झगा चेलोवाल्यांना चालतो, पण बाही मनगटाला रबरबँडनं बांधून, नाहीतर ती गजात अडकते. आणि अंधारात वाजवायची फारच हौस असेल तर स्टँडला लावायचे छोटे दिवे ज्यानं त्यानं आणायचे, सेल नवे घालून.