फिशखाबूरचा व्हॉल्व्ह

तुर्कस्तानला इराकी कुर्दिस्तानकडून नेमकं काय हवंय, हे भाषणांतून कळत नाही, फिशखाबूरला कळतं. इराक, तुर्कस्तान आणि सीरिया यांच्या सीमा जिथे भिडतात तिथलं हे गाव. इराकी कुर्दिस्तानची राजधानी एर्बिल; तिथल्या सरकारची स्वतःची पाइपलाइन इथे जुन्या किर्कुक-जेहान लाइनला जोडलेली आहे. तेल इथे मोजलं जातं आणि तुर्कस्तानातून भूमध्य समुद्रावरच्या जेहान बंदरात पोचतं.

खटका इथेच उडाला. १९७३ चा पाइपलाइन करार बगदाद आणि अंकारा, म्हणजे इराक आणि तुर्कस्तान यांच्या केंद्र सरकारांतला. तरी मे २०१४ मध्ये जेहानहून एर्बिलचं तेल बगदादला न विचारता विकलं गेलं. बगदादने त्याच महिन्यात पॅरिसच्या लवादात धाव घेतली.

सप्टेंबर २०१७ मध्ये कुर्दांनी स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं, तेव्हा व्हॉल्व्ह आमच्या हातात आहे, असं तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी बजावलं. विमानं अडवली, पण तेल थांबवलं नाही. माझ्या मते त्यांचं धोरण तिथेच उघडं पडलं: कुर्दांचं राष्ट्र नको, पण त्यांचं तेल हवं आणि तुर्कस्तानशी लढत आलेल्या पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेविरुद्ध एर्बिलच्या सत्ताधारी बारझानी घराण्याची साथही हवी.

तेल थांबलं ते २५ मार्च २०२३ ला. २०१४ ते १८ या काळासाठी तुर्कस्तानने सुमारे दीड अब्ज डॉलर द्यावेत, असा पॅरिसच्या लवादाचा निकाल आला आणि रोजचे जवळपास साडेचार लाख बॅरल अडले. ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानने लाइन तयार असल्याचं सांगितलं, तरी तेल सुटेना. कारण आता भांडण बॅरलमागच्या पैशांचं होतं. बगदादच्या अंदाजपत्रकात कंपन्यांना द्यायचा उत्पादनखर्च धरला होता बॅरलमागे सहा डॉलरच्या आसपास. एर्बिलशी करार केलेल्या विदेशी कंपन्यांना तो परवडणारा नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये कायदा बदलून तो सोळा डॉलर केला, तेव्हा वाट मोकळी झाली. तोवर तेल टँकरमधून पडेल भावाने जात होतं आणि एर्बिल-सुलेमानियातले शिक्षक महिनोन्‌महिने पगाराची वाट पाहत होते. त्या पगाराबद्दल फार कमी लिहिलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

२७ सप्टेंबर २०२५ ला लाइन पुन्हा सुरू झाली. आता विक्री बगदादची सोमो ही सरकारी कंपनी करते. रोजचे ५० हजार बॅरल स्थानिक वापरासाठी एर्बिलकडे राहतात.

पण त्याआधीच, जुलैमध्ये, एर्दोआन यांनी १९७३ चा करार २७ जुलै २०२६ पासून संपवण्याचा अध्यादेश काढला होता. तुर्कस्तानला नवा, मोठा करार हवा आहे. लाइन थेट दक्षिणेत बसरापर्यंत न्यायची इच्छा आहे. बसराचं तेल आलं की अंकाराला एर्बिलची गरज आपोआप कमी होणार. आणि सही पुन्हा दोनच राजधान्यांची. एर्बिलची १९७३ मध्येही नव्हती.