भिंती, भुवया आणि नऊवारी

जुन्या काळावरचा सिनेमा लागला की आमच्या घरात गोष्टीकडे लक्ष देणारा माणूस एकच, माझा नवरा. सासूबाई कपडे बघतात आणि मी भिंती बघते.

सासूबाई गिरगावातल्या चाळीत वाढल्या. आई, मावश्या, आत्या सगळ्या लुगडं नेसणाऱ्या. त्यामुळे पडद्यावर नायिका आली रे आली की पाच मिनिटांत निकाल लागतो. "शिवलेली आहे गं. बसू दे तिला, मग कळेल तुला." आणि खरंच कळतं. नेसलेल्या लुगड्यात बाई बसताना आधी ओचा आणि निऱ्या सावरते, मगच पाटावर टेकते. शिवलेल्या नऊवारीतली नायिका धपकन बसते, निऱ्या जागच्या हलतसुद्धा नाहीत. पेशवाईतल्या झाडून सगळ्या दासींच्या भुवया कोरलेल्या दिसल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "शनिवारवाड्यात पार्लर होतं का रे?" नवऱ्याने आवाज वाढवला. टीव्हीचा.

माझं वेड वेगळं. नायक-नायिकेचं काय चाललंय ते चालू दे, मी त्यांच्या खांद्यावरून मागे बघत असते. कोनाड्यात पणती आहे, तर वरच्या बाजूला काजळी धरली आहे का? भिंतीला टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे का? १९४० च्या आसपासचं घर असेल तर लाकडी पट्टीवरून गेलेली वायर आणि काळं गोल बटण दिसायलाच हवं. सेटवरची भिंत प्लायवूड आणि पीओपीची असते, उभी करायला फार वेळ लागत नाही. तिच्यावर माणसं राहून गेली आहेत असं वाटायला लावणं, हे खरं काम. कपड्यांचंही तेच. नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवतात, कोपर आणि कॉलर घासून विरवतात, पुन्हा पुन्हा धुतात. हे न करता शेतकऱ्याला कडक इस्त्रीचं धोतर नेसवलं की माझ्यापुरता सिनेमा संपतो, मग संवाद कितीही टाळ्यांचे असोत.

याबाबतीत भानू अथैयांपुढे हात जोडावेत. कोल्हापूरची ही मुलगी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकली आणि पुढे सिनेमाच्या कपड्यांकडे वळली. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं आधाराला घेतली. 'गांधी'साठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तो सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा गांधीजींना थोडा वेळ सोडा आणि मागची गर्दी बघा. पगड्या, टोप्या, धोतरं... एकेका माणसाला स्वतःचं घर असावं असं वाटतं.

'मुघल-ए-आझम'ला मात्र मी हा कायदा लावत नाही. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभ्या राहिलेल्या त्या शीशमहालात डाग शोधायचे नसतात. तिथे निमूटपणे दिपून जायचं. पक्षपात म्हणा हवं तर.

मुंबईची आणखी एक गंमत. आपली जुनी मुंबई पडद्यावर आणायला मुंबई उपयोगाची नाही! कॅमेरा जरा तिरका केला की टॉवर, नाहीतर मेट्रोचा खांब. 'बॉम्बे व्हेल्वेट'साठी जुनं शहर चक्क श्रीलंकेत बांधलं होतं. सिनेमा पडला, पण ते रस्ते मी डोळे भरून पाहिले. इथली ट्राम १९६४ सालीच बंद झाली, मी काही ती पाहिलेली नाही. पण बघताना सासूबाई म्हणाल्या, "ट्रामची घंटा आम्हाला घरात ऐकू यायची." त्या दिवशी त्यांनी एकही साडी तपासली नाही.

आता पंचाईत अशी झालीय की माझं बालपणही 'पिरियड'मध्ये, म्हणजे सिनेमातल्या जुन्या काळात, जमा झालंय. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेले, तर तिथे आमच्याकडे होती तसली वेताची खुर्ची मांडलेली. किंमत विचारली तर दुकानदार म्हणाला, "विकत कशाला घेता मॅडम, भाड्याने घ्या. सिनेमाचे आर्टवाले तसंच नेतात." म्हणजे आईने भंगारात काढलेल्या वस्तू आता रोजाने कामाला जातात.

परवा ऐंशीच्या दशकातल्या चाळीत घडणारी एक मालिका लावली होती. स्टीलची मांडणी झकास, भिंतीवर कालनिर्णय, टीव्हीला सरकतं शटर. मी खूश होते. मग बैठकीच्या खोलीतला काळा फोन दिसला आणि मी ताडकन उठून बसले. डायलला कुलूप नाही! मजल्यावर एकुलता एक फोन आणि त्याला कुलूप नाही? त्या चाळीत शेजारी काय सगळे संत राहत होते?