शेततळ्याच्या कागदापासून लँडफिलच्या लायनरपर्यंत – आमची वाटचाल

आमची फर्म तासगावची. मूळ धंदा द्राक्षबागायतदारांच्या शेततळ्यांना कागद टाकून, मशीननं त्याचे जोड मारून द्यायचा, कागद म्हणजे ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक पण आमच्या भागात सगळे त्याला कागदच म्हणतात. २०१६ ला मागेल त्याला शेततळे योजना आली, तळी खोदायचा सपाटा लागला आणि आमचंही काम वाढलं. मी, धाकटा भाऊ आणि गावातली पोरं, पावसाळा सोडला तर कुणाला उसंत नसायची.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. एका ओळखीच्या इंजिनिअर साहेबांनी ते वाचायला दिले आणि म्हणाले तुमचं मशीन जे काम करतं तेच इथं लिहिलंय बघा, फक्त जाड. खरंच होतं. लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या खड्ड्याच्या, तळाला ९० सेंमी दाबलेली चिकणमाती, त्यावर १.५ मिमीचं एचडीपीई लायनर, म्हणजे जाड प्लास्टिकचं अस्तर, आणि मातीचा तळ भूजलाच्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा किमान २ मीटर वर. माती अशी हवी की पाणी सेकंदाला ०.००००००१ सेंमीपेक्षा जोरात झिरपता कामा नये, म्हणजे हिशोब केला तर वर्षाला जेमतेम ३ सेंमी. हे सगळं कशासाठी तर कचऱ्यातून सुटणारं काळं पाणी, लीचेट म्हणतात त्याला, खालच्या विहिरींत उतरू नये म्हणून. आमच्याकडं विहीर आटली की बाग जाते, त्यामुळं हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बँकेचं कर्ज काढून १.५ मिमीला चालणारं मोठं वेज वेल्डिंग मशीन, म्हणजे तापलेल्या पाचरीनं प्लास्टिकचे जोड मारणारं, घेतलं. पण टेंडर भरायला गेलो तर पात्रतेतच अडकलो. बहुतेक ठिकाणी अट तीच, मागच्या ७ वर्षांत समान स्वरूपाचं काम, अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं एक, नाहीतर ५० टक्क्यांची दोन, नाहीतर ४० टक्क्यांची तीन, आणि वर्षाची सरासरी उलाढाल त्या रकमेच्या ३० टक्के. १० कोटींचं काम असेल तर ८ कोटींचं एक काम दाखवा. आम्ही कुठून दाखवणार? मग सब-कॉन्ट्रॅक्टर म्हणून शिरलो, वर मोठा ठेकेदार रस्ते आणि नाले करणारा. मला अटींबद्दल राग नाही, पैसे बुडवून पळणाऱ्याला बाहेर ठेवायला त्या लागतातच. पण समान काम म्हणजे नक्की काय हे टेंडरमध्ये नीट लिहा ना. किती चौरस मीटर लायनर टाकलं, वेल्डर कोण, त्याचा अनुभव किती, हे विचारलंच जात नाही आणि काँक्रीट गटार केलेला माणूस लँडफिलला पात्र ठरतो!

खरी परीक्षा साइटवर असते. पहिल्या कामाला थर्ड पार्टी, म्हणजे त्रयस्थ, तपासणी एका अभियांत्रिकी कॉलेजकडं होती, तिथल्या मॅडमनी आम्हाला घडवलं असं मी म्हणेन. रोज सकाळी खरं काम सुरू करायच्या आधी तुकड्यावर ट्रायल वेल्ड, तो खेचून बघायचा. वेज मशीन दोन समांतर जोड मारतं, मधे हवेची नळी राहते. तिची दोन्ही टोकं बंद करून सुई टोचायची, दोन-अडीच बार हवा भरायची आणि पाच मिनिटं काटा बघत बसायचं. काटा हलला नाही तरी मॅडम उठायच्या नाहीत, लांबचं टोक कापायला लावायच्या, तिथून हवा फुस्सकन आली आणि काटा शून्यावर गेला तरच पास, कारण नळी मधेच चिकटलेली असेल तर अर्धाच जोड तपासला गेलेला असतो. शिवाय दर दीडशे मीटरला एक नमुना कापून लॅबला, तिथं शीट फाटली तरी चालेल पण जोड उघडता कामा नये. कापलेल्या जागी पॅच, त्यावर साबणाचं पाणी आणि हवा ओढून घेणारी पेटी, म्हणजे व्हॅक्यूम बॉक्स, बुडबुडा आला की परत करा. दुपारी ऊन चढलं की लायनर फुगून सुरकुत्या पडतात, म्हणून पहाटेच हजर.

पुढं एका नगरपरिषदेच्या कामावर वेगळाच अनुभव. लायनर टाकायच्या आधी खालची माती स्वीकारली अशी सही आम्हाला करावी लागते. माती काळी, वाळली की भेगा पडणारी, त्यात थर थोडा थोडा करून दाबायचा सोडून एकदम ओतलेला दिसत होता. भावानं सही करायला नकार दिला. मुख्य ठेकेदार चिडला, म्हणाला तुम्ही प्लास्टिकवाले, मातीचं तुम्हाला काय करायचंय. आम्ही पीएमसीला, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागाराला, लेखी कळवलं, तपासायला खड्डे घेतले, मातीची जाडी कमी निघाली. माती उकरून पुन्हा टाकली, पाणी मारून दाबली, आणि आमचं बिल बरेच महिने लटकलं. पोरांचे पगार उसने काढून दिले पण सही केली नाही याचं समाधान आहे.

तिथल्या नगरपरिषदेच्या इंजिनिअरची चूक काढायची नाही मला. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर, तो लायनरच्या जोडावर किती वेळ उभा राहणार? म्हणून तपासणीचा माणूस ठेकेदाराच्या पगारावरचा नको आणि तो रोज साइटवर हवा, बिल निघायच्या दिवशी नुसता फोटोला नको. एकदा कचरा पडला की खालचं कुणालाच दिसत नाही, राहतो तो फक्त रेकॉर्ड. आम्ही प्रत्येक रोल नंबर, प्रत्येक जोड, वेल्डरचं नाव, तापमान, स्पीड सगळं वहीत आणि नकाशावर ठेवतो, मागितलं नाही तरी देतो. तपासणी कडक असली की दर पाडून काम घेणारे आपोआप लांब राहतात, आमच्यासारख्या छोट्या फर्मला त्याचाच आधार आहे.

आता जोड खेचून बघायचं टेन्सोमीटर स्वतःचं आहे, भाऊ नव्या पोरांना त्यावरच शिकवतो. शेततळी अजून सोडलेली नाहीत, पोट त्यावरच आहे. या वेळी पहिल्यांदा जेव्ही पार्टनर, म्हणजे ठेक्यातला भागीदार, म्हणून आमचं स्वतःचं नाव टेंडरवर आहे, टेक्निकल पाकीट उघडलंय, फायनान्शियल, म्हणजे दराचं, उघडायचं बाकी आहे.