तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीला मला काही हवं असतं का?

दसरा झाला की विचारणं सुरू होतं. मुलगा पुण्याहून फोनवर विचारतो, भाची विचारते. खालच्या मजल्यावरची नवी सून स्वतःच्या सासूसाठी म्हणून माझ्याकडे चौकशी करते, "काकू, खरं सांगा, या वयात दिवाळीला काही दिलेलं आवडतं का हो? आमच्या आई तर नकोच म्हणतात." दरवेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. यंदा लिहूनच टाकते.

हवं असतं. मला तरी हवं असतं.

म्हातारीला हाव सुटलीय असं कुणी म्हणायच्या आत सांगते, शाळेची पेन्शन येते, कोल्हापुरात राजारामपुरीतलं घर स्वतःचं आहे, कपाटं भरलेली आहेत. काही कमी असतं तर सरळ मागून घेतलं असतं. त्यात लाज कसली?

बाईकडे दिवाळीचं देणं ठरलेल्या वाटांनी येतं. माहेरचं, पाडव्याला नवऱ्याचं, भाऊबीजेला भावाचं. हिला हवंय का, असा प्रश्न तिथं कुणी काढत नाही, कारण तो त्यांचा मान असतो आणि आपलाही. माझा भाऊ गडहिंग्लजहून एस्टीनं यायचा. पिशवीत भुईमुगाच्या नव्या शेंगा, जवारी मिरची आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लाऊज पीस. त्या रंगाची साडी माझ्याकडे बहुतेक नसायचीच. मग वर्षभरात कधीतरी मी त्या पिसाला साजेशी साडी घ्यायची. तो गेल्यावर भाचा भाऊबीजेला न चुकता फोनवरून पैसे पाठवतो. गुणी आहे पोरगा, बापाची रीत त्यानं मोडली नाही. पण पैसे जमा झाल्याचा मेसेज वाचून झाला की पुढं काय करायचं ते मला कळत नाही. आणि २०२१ साली हे गेले. तेव्हापासून पाडव्याला मी घरातल्यांचं ओवाळणं बघते.

म्हणजे मला द्यायचं नाही असं कुणी ठरवलं नाही. देणारी माणसं गेली, एवढंच झालं. हवंसं वाटणं मात्र त्यांच्याबरोबर गेलं नाही.

आता ज्या प्रसंगामुळं हे लिहायला बसले, तो सांगते.

२०२२ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी सूर्यग्रहण आलं होतं, म्हणून ते वर्ष पुष्कळांच्या लक्षात असेल. २०२१ ची दिवाळी आम्ही केलीच नव्हती, त्यामुळं हे गेल्यानंतरची ही पहिली. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं, त्यामुळं त्या ठरावाचं मोल जास्तच वाटलं. सरकारनंही पाठोपाठ इतर गावांनी असंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी मला सगळ्यात आधी कुणी पाठवली असेल तर माझ्या सुनेनं. वर लिहिलं होतं, "आई, आपल्या जिल्ह्यानं केलं." मला तिचा अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. पुढचं वाचताना हे विसरू नका.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघी महाद्वार रोडवर साड्या घ्यायला गेलो. ती पायरीवर चपला काढून गादीवर बसली, मला गुडघ्यामुळं खुर्ची दिली. तिच्यासाठी, तिच्या आईसाठी, धुण्याभांड्याच्या बाईंसाठी घेऊन झालं. मग ती म्हणाली, "आई, आता तुमच्यासाठी बघूया." पोरगा ढीग खाली ओढत होता, त्यात एक डाळिंबी इरकल निसटून पुढं आली. लाल रेशमी पदर, त्यावर पांढरे पट्टे, अंगावर बारीक चौकडा. मी हात लावला. सूत आणि रेशीम जिथं जोडतात तिथं बोटाला एक बारीकशी कड लागते, ती लागली. एवढंच झालं. मी काही बोलले नाही.

पोरगा म्हणाला, "आजीस्नी ते नको, थांबा की, सोबर दाखवतो." त्यानं माझ्या हाताखालून ती साडी काढून घेतली, अगदी हळू, उद्धटपणा काही नव्हता. घडी करून मागं टाकली आणि एक राखाडी उलगडली, मग एक फिकट मातकट. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "हे बरंय ना आई? तुम्हाला शोभेल." तिच्या बोलण्यात तसूभर वाईट हेतू नव्हता. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला नकोच काही. आहेत की घरात."

तिनं आग्रह केला. तिथं, रिक्षात, घरी आल्यावरही. मी नकोवर ठाम राहिले. बोलायचं काय होतं? मला डाळिंबी हवी होती, हे दुकानात माणसांसमोर म्हणायचं? हे होते तेव्हा मी लाल, हिरवी, कुठलीही नेसत होते. हे गेल्यानंतर मी रंग सोडले असं कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी सोडायलाही सांगितलं नव्हतं. ते आपोआप सगळ्यांनी धरून चालले होते. दुकानातल्या पोरानं धरलं, सुनेनं धरलं आणि त्या मिनिटापुरतं मीही धरलं. जे कुंकू माझं कुणी पुसलं नाही, ते तिथं पुसल्यासारखं वाटलं.

पाडव्याला सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. माझी नव्हती, कारण मला काही नको होतं. त्या दिवसापासून घरात ते ठरूनच गेलं: आईंना काही नको असतं. पाहुण्यांनाही तसंच सांगतात, तेही कौतुकानं.

तुम्ही म्हणाल, स्वतः जाऊन घ्यायची. पैसे तर होते. हो, होते. पण मला साडी नको होती हो. मला बघून कुणीतरी ती उचलायला हवी होती.

यावर माझं माझ्याशीच वाजतं. निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात मी बोलले होते, साठीनंतर वस्तूंचा मोह सोडावा, मुलांवर आपल्या पसाऱ्याचं ओझं ठेवू नये. टाळ्या मिळाल्या होत्या. ती बाई मला आज विचारते, आता काय झालं? तिला मी सांगते की तुझ्या मागं पाडव्याची ओवाळणी देणारा नवरा होता, भाऊबीजेला एस्टीनं येणारा भाऊ होता. येत असताना नको म्हणणं वेगळं. पण ती गप्प बसत नाही. ती म्हणते, यांचं कपाट रिकामं करताना तू काय म्हणत होतीस आठव. कोऱ्या घडीचे शर्ट, पिना न काढलेले, मुलांनी दर दिवाळीला दिलेले. हे जुनेच दोन घालत राहिले. कुणाला द्यायचे, ठेवायचे किती, म्हणून मी रडले होते. माझ्यामागं ते कपाट सुनेनं उपसायचं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि काहीच मिळत नाही असंही नाही. रक्तदाब मोजायचं यंत्र मिळालं, गुडघ्याचे पट्टे मिळाले, न्हाणीघरात घालायला रबरी मॅट मिळाली. सगळं रोज वापरते, त्यातली काळजी कळते. पण दिवाळीच्या सकाळी उटणं लावून झाल्यावर गुडघ्याचा पट्टा हातात आला की आपण घरातलं एक दुखणं आहोत असं वाटतं. त्या वस्तू एखाद्या साध्या मंगळवारी आणून द्या ना. पाकीटही नको. पाया पडणाऱ्याच्या हातावर पाकीट मी ठेवायचं असतं, ते माझं काम आहे आणि मला ते प्रिय आहे.

दोन वर्षांमागं नातीनं मला काचेच्या हिरव्या बांगड्या आणल्या. माप विचारलं नव्हतं, माझी जुनी एक बांगडी गुपचूप नेऊन जुळवली होती. घातल्या. जिन्यात एका बाईंनी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हात खाली घेतला नाही.

मात्र सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या वतीनं मी बोलत नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी माझी मैत्रीण आहे, तिला कुणी काही आणलं की ती खरोखर चिडते. ठेवायचं कुठं, जपायचं कुणी, म्हणते. तिचं नको म्हणजे नको. माझं तसं नाही. माझ्यासाठी आणलंत तर मीही "कशाला आणलंस" असंच म्हणेन, तिच्याच शब्दांत, तिच्याच आवाजात. खालच्या मजल्यावरच्या मुलीला हेच सांगायचं राहून जातं. तिच्या सासूबाई आमच्या दोघींपैकी कुणासारख्या आहेत ते मला माहीत नाही आणि बाहेरून ते कसं ओळखावं हेही मला सांगता येणार नाही. बाजारात त्यांचा हात कशावर थांबतो ते तिनं बघावं, इतकं सांगेन. आणि दुकानदाराला तो हात बाजूला करू देऊ नये.