वाळूत रुतलेली गाडी बोर्डांवरून बाहेर काढताना

नदीच्या कोरड्या पात्रातून आम्ही पलीकडच्या काठाला निघालो होतो, मी आणि धाकटा चुलतभाऊ. वरून वाळू बसलेली, कडक दिसत होती. मध्यावर आलो तसा वरचा पापुद्रा फुटला आणि गाडी एकदम जड झाली. इंजिन ओढतंय पण गाडी सरकत नाही, हे पायाला लगेच कळतं. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि गाडी आहे तिथे थांबू दिली.

पुढचं सगळं या थांबण्यावर ठरतं. चाक जागेवर गरगरत राहिलं की स्वतःच्याच खालची वाळू उपसून मागे फेकतं आणि काही सेकंदांत एक्सलसकट डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा, थोडक्यात डिफ, वाळूवर टेकतं. गाडीचं वजन असं पोटावर आलं की चाकांवर भार उरत नाही, आणि भार नाही तर पकड कुठली? वेळेवर थांबलं तर खणायचं काम निम्म्याने कमी होतं.

उतरून दोघांनी गाडीखाली डोकावलं. मागचं उजवं चाक रिमच्या खालच्या कडेपर्यंत आत गेलेलं, डावं थोडं वर. डिफचा गोळा वाळूला नुकताच लागला होता. पुढची चाकं बरी होती.

"दादा, बोर्ड काढू?" भावाने विचारलं. बोर्ड म्हणजे रुतलेल्या चाकाखाली घालायची दातेरी नायलॉनची फळी. तो कॅरिअरचे पट्टे सोडायलाही लागला होता.

"काढून ठेव, पण आधी हवा."

टायरमध्ये रस्त्याची 32 पीएसआय हवा होती. गेज लावत लावत चारही टायर 16 वर आणले. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं बरेच जण समजतात. रुंदी थोडीच वाढते, वाढते ती जमिनीला टेकणाऱ्या भागाची लांबी. तेच वजन जास्त वाळूवर पसरतं आणि टायर वाळू कापत खाली जाण्याऐवजी तिच्यावर चढतो. कधी कधी एवढ्यावरच गाडी निघते, बोर्डांना हातही लावावा लागत नाही. आमची निघणार नव्हती, कारण डिफ टेकलेलं होतं.

मग प्रश्न आला, पुढे जायचं की मागे? बोर्ड म्हटलं की चाकाच्या पुढेच टाकायचा असं डोक्यात बसलेलं असतं. मी मागे यायचं ठरवलं. ज्या चाकोरीतून आपण आलो ती आपल्याच टायरांनी दाबलेली असते आणि तिथून गाडी आलेली असते, म्हणजे ती गाडीला पेलते हे नक्की. पुढची वाळू कशी आहे हे कुणालाच माहीत नसतं.

खरी मेहनत फावड्याची, आणि मला हे आवर्जून सांगायचंय, कारण बोर्डांच्या गप्पांत फावड्याचं नावच निघत नाही. आधी डिफखालची आणि त्याच्या मागची वाळू ओढून काढली, म्हणजे मागे येताना त्याला आडवं काही लागू नये. ही जागा अडचणीची असते, पोटावर झोपून आखूड दांड्याचं फावडं चालवावं लागतं. अशा वेळी गाडी जॅकवर चढवून तिच्याखाली हात घालायचा नाही, कारण वाळूत जॅक कधी सरकेल याचा भरवसा नसतो. मग चारही चाकांच्या मागे उतार केला. पुढच्या चाकांनाही तो लागतोच. मागची चाकं वर आली आणि पुढची त्यांच्या खळग्याच्या कडेला अडली, तर सगळं काम पुन्हा. उतार लांब आणि सपाट हवा, चाकाला चढायला त्रास पडणार नाही असा. कोरडी वाळू घसरून परत खड्ड्यात येते, म्हणून काढलेली दूर फेकावी लागते. बोर्डानेही वाळू ओढता येते आणि एकट्या माणसाला ते सोयीचं पडतं, पण फावड्याची धार ती फावड्याचीच.

एवढं झाल्यावर बोर्ड. मागच्या दोन्ही चाकांच्या मागे, दाते वर करून, अरुंद टोक टायरच्या खाली जाईल तेवढं आत रेटलं. पायाने ढकलून, मग टाचेने ठोकून. टोक टायरच्या रबराला नुसतं टेकलेलं असेल तर चाक फिरताच बोर्डाला मागे फेकतं. ते टायर आणि वाळू यांच्यामध्ये चेपलेलं हवं. बोर्ड चाकाच्या सरळ रेषेत, स्टीअरिंग सरळ. दुसऱ्या टोकाला भडक रंगाचा लांब पट्टा बांधून तो वाळूवर बाजूला पसरून ठेवला.

हा उपाय जुना आहे. 1920 आणि 30च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन फिरणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळ्या घालायचा. 1940मध्ये त्यानेच उभ्या केलेल्या ब्रिटिश लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या वाळवंटी लष्करी तुकडीच्या गाड्यांवरही त्या लटकवलेल्या असत. दुसऱ्या महायुद्धात तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी बनवलेले भोकांचे पोलादी पत्रे पुढे भटक्यांनी याच कामाला लावले. तसला एक पत्रा तीसेक किलोचा. आताचा नायलॉनचा बोर्ड मीटरभर लांब आणि एका हाताने उचलता येणारा. त्याचं एकच दुखणं, नायलॉन वितळतं. दात्यांवर चाक गरगरलं की घर्षणाने दाते मऊ पडतात, गुळगुळीत होतात, आणि दाते गेलेला बोर्ड म्हणजे घसरगुंडी.

भावाला गाडीच्या बाजूला, चांगला दूर उभा केला. बोर्डाच्या रेषेत, म्हणजे गाडीच्या पुढे किंवा मागे, कुणीही उभं राहायचं नाही. सुटलेला बोर्ड पायाचं हाड मोडू शकतो. काच खाली, खुणा ठरलेल्या: उघडा पंजा म्हणजे ये, मूठ म्हणजे थांब.

फोर बाय फोर (चारही चाकांना जोर), लो रेंज (वेग कमी, ताकद जास्त), रिव्हर्स. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, कारण वाळूत ते नको त्या वेळी इंजिनची ताकद कापतं. क्लच सावकाश पूर्ण सोडला आणि अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम टेकवला. डाव्या चाकाने दाते पकडले, गाडी वीतभर उचलली गेली आणि भावाने मूठ दाखवली. उजवं चाक बोर्डावर घसरायला लागलं होतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे ज्याला पकड नाही ते चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. एक मोकळं फिरलं की दुसरं जागेवर ढिम्म.

उतरून पाहिलं. उजव्या चाकामागचा उतार उभा राहिला होता, म्हणून बोर्डही तिरका. तो काढला, उतार आणखी लांबवला आणि बोर्ड पुन्हा आत ठोकला, या वेळी दात्यांच्या दोन ओळी टायरखाली दिसेनाशा होईपर्यंत.

परत तोच वेग, म्हणजे वेग नाहीच. आधी दाते टायरच्या खाचांत बसल्याची कुरकुर आली, मग गाडीचा मागचा भाग वर आला. बोर्ड संपला तरी अ‍ॅक्सिलरेटर होता तसाच ठेवला. पुढची चाकंही त्याच बोर्डांवरून गेली. बोर्ड उचलायला मध्येच थांबायचं नाही, कडक जमिनीपर्यंत जायचं. काठाजवळ गोटे लागले तिथे थांबलो.

परत चालत गेलो तर एकही बोर्ड दिसेना, दोन्ही वाळूखाली गेलेले. पट्टे वर होते, ते धरून ओढले. उजव्या बोर्डाच्या टोकाचे काही दाते गोल झाले होते, बाकी शाबूत.

चिखल असता तर हे सगळं थोडं वेगळं झालं असतं. चिखल चाकाला धरून ठेवतो आणि दात्यांत लिंपून बसतो, त्यामुळे प्रत्येक खेपेला बोर्ड खरवडून साफ करावा लागतो. कोरडी वाळू त्या मानाने सरळ.

पलीकडे जायचं होतंच. पात्र आधी पायी चालून पाहिलं. वरच्या अंगाला बारीक गोट्यांचा पट्टा होता, टाच मारली तरी आत जात नव्हती. हवा 16 वरच ठेवून, न थांबता, त्यावरून पलीकडे गेलो. तिथे कॉम्प्रेसर लावून चारही टायर परत 32 वर आणले, कारण एवढ्या कमी हवेत रस्त्यावर वेगाने गाडी पळवली तर टायरच्या बाजू तापून फाटतात. तेवढ्या वेळात भावाने बोर्ड झटकले आणि झिजलेल्या टोकावर खडूने खूण केली. पुढच्या वेळी तो बोर्ड उलट टोकाने लावायचा.