पेशी मेल्या, की हृदयात राहिल्याच नाहीत?

हार्ट अटॅकमध्ये डाव्या कप्प्याच्या स्नायूतल्या १ अब्जापर्यंत पेशी मरू शकतात आणि त्या परत येत नाहीत. अँजिओप्लास्टीने बंद पडलेली रक्तवाहिनी उघडते, जीव वाचतो, पण तोपर्यंत जो स्नायू मेला त्याच्या जागी व्रणाची घट्ट पट्टी तयार होते, ती आकुंचनच पावत नाही, आणि मग राहिलेलं हृदय जादा काम करून करून हळूहळू मोठं होतं आणि थकतं. शरीर स्वतः दुरुस्त करेल म्हणाल तर २००९ मध्ये स्वीडनमधल्या गटाने कार्बन-१४ वरून हिशोब काढला होता, पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला १ टक्क्याच्या आसपास नव्या होतात आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून बाहेर वाढवलेल्या पेशी आत घालायच्या, हे आमच्या लॅबचं काम.

आम्ही आयपीएस पेशींपासून हृदयाचे स्नायू बनवतो. म्हणजे माणसाची साधी पेशी घेऊन तिला मागे नेऊन स्टेम सेल बनवायची (यामानाकांना २०१२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी) आणि मग तिला हृदयपेशी व्हायला लावायचं. साधारण दुसऱ्या आठवड्यात मायक्रोस्कोपखाली अख्खी प्लेट धडधडायला लागते, आणि एवढी वर्षं झाली तरी ते बघताना मला भरून येतं. खरी अडचण त्याच्यापुढे आहे. या पेशी प्लेटमधून सोडवून प्राण्याच्या हृदयात टोचल्या की आठवड्याभरात बहुतेक सगळ्या गायब. कितीतरी लॅबमध्ये ९० टक्क्यांवर पेशी गेलेल्या दिसल्यात, आमच्याकडेही तेच.

का जातात याची कारणं पुस्तकात छान दिलेली आहेत. अटॅक आलेल्या भागात रक्तच पोचत नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, साखर नाही, वर सूज आणि फ्री रॅडिकल्स, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेशीला धरायला आधार नाही, कारण ट्रिप्सिन घालून आपणच तिला आधारापासून तोडलेलं असतं, आणि आधार सुटलेली पेशी स्वतःच मरणाचा प्रोग्राम चालू करते. सिअॅटलच्या गटाने २००७ मध्ये याच्यावर कॉकटेल काढलं. आदल्या दिवशी पेशींना हीट शॉक द्यायचा, मग टोचताना सोबत मॅट्रिजेल (पेशींना धरायला आधार देणारं जेल), मायटोकॉन्ड्रियातून मरणाचा सिग्नल निघू न देणारी औषधं, आयजीएफ-१ हे वाढीचं प्रोटीन, पेशीचा मरणाचा प्रोग्राम चालवणारी कॅस्पेज एन्झाइम्स थांबवणारं औषध, असं सगळं एकदम. एकेक सुटं घालून भागत नव्हतं, कारण मरायचे रस्तेच अनेक आहेत. आमचं कॉकटेल याच धर्तीवर होतं, फक्त मॅट्रिजेल वगळलेलं, कारण ते उंदराच्या ट्यूमरपासून बनतं आणि उद्या पेशंटमध्ये वापरता येणार नाही.

आता ज्या दिवशी आमचा समज बदलला त्या दिवसाबद्दल. आमच्या पेशींमध्ये काजव्याचं ल्युसिफरेज एन्झाइम घातलेलं असतं, त्यामुळे ल्युसिफेरिन दिलं की जिवंत पेशी उजेड देतात, मेलेल्या देत नाहीत कारण त्याला एटीपी, म्हणजे जिवंत पेशीतलं ऊर्जेचं इंधन, लागतं. आधी आम्ही पहिलं इमेजिंग, म्हणजे या उजेडाचा फोटो, दुसऱ्या दिवशी करायचो, प्राण्याला सर्जरीनंतर विश्रांती मिळावी म्हणून. पण आमच्या लॅबप्रमुख मॅडमच्या डोक्यात बरेच दिवस काहीतरी घोळत होतं, त्यांनी एथिक्स कमिटीकडून एका छोट्या ग्रुपची वेगळी परवानगी काढून घेतली, टोचल्यावर तासाभराच्या आत अवयव बाहेर काढून बघायचे. थायमस नसलेले रॅट्स, म्हणजे माणसाच्या पेशींना परक्या समजून मारायला त्यांच्याकडे टी-सेल्स (प्रतिकारशक्तीच्या पेशी) नसतात, चार दिवसांपूर्वी रक्तवाहिनी बांधून अटॅक दिलेला, अर्ध्यांना कॉकटेल लावलेल्या पेशी आणि अर्ध्यांना साध्या.

सर्जरी आमचे दादा करतात, त्यांचा हात इतका स्थिर आहे की बघत राहावं. छाती उघडली, फिका पडलेला भाग स्पष्ट दिसत होता, भुलीतसुद्धा हृदय मिनिटाला तीनशेच्या वर ठोके मारत होतं. दादांनी बारीक सुई आत घातली, पेशी सोडल्या, जागा किंचित फुगली आणि पुढच्या दोन-चार ठोक्यांत फुगवटा बसला. पाणी भरलेला स्पंज दाबावा तसं. हे आम्ही नेहमीच बघायचो आणि वाटायचं की द्रव स्नायूत पसरला.

मग ल्युसिफेरिन, वेळ लावून थांबणं, अवयव काढणं, आणि डार्करूम. एका डिशमध्ये हृदय, एकीत फुप्फुसं, एकीत लिव्हर, एकीत स्प्लीन. कॅमेरा एक्स्पोज झाला, रंग स्क्रीनवर आले आणि शेजारी बसलेला आमचा पीएचडीचा मुलगा म्हणाला, "ताई, डिशेसची लेबलं बदललीयेत का?" लेबलं बरोबर होती. फुप्फुसं भडक लाल, म्हणजे सगळ्यात जास्त उजेड, दिसत होती आणि हृदयात एक बारीकसा ठिपका.

मी परत एक्स्पोज केलं. तेच. दुसरा प्राणी, तेच, तिसरा, तेच. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की कॉकटेलवाल्या आणि साध्या ग्रुपमध्ये काहीच फरक नव्हता, दोन्हीकडे फुप्फुसं सारखीच पेटलेली. मॅडमना बोलावलं, त्या उभ्याउभ्याच बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, या जिवंत आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत, फक्त हृदयात नाहीयेत."

रस्ता समजायला अवघड नाही. आकुंचनाच्या दाबाने पेशी शिरांमध्ये ढकलल्या जातात, अटॅकच्या भागात तर वाहिन्या आधीच गळक्या असतात, हृदयाच्या शिरांमधून उजवा कप्पा आणि तिथून सरळ फुप्फुसं, जिथल्या केशवाहिन्यांमध्ये या मोठ्या पेशी अडकतात. शिवाय थोड्या सुईच्या भोकातूनच बाहेर. याबद्दल आधीही लिहिलं गेलंय, आम्ही वाचलेलंही होतं, पण स्वतःच्या पेशी दुसऱ्या डिशमध्ये उजेड देताना बघणं वेगळं. म्हणजे आठवड्यानंतर पेशी नाहीत याचा अर्थ त्या मेल्या असा होत नाही, काही राहिल्याच नव्हत्या आणि काही राहून मेल्या, आणि या दोन आजारांवर औषध एक नाही. कॉकटेल पेशीला मरू देत नाही पण जागेवर धरून ठेवायचं काम त्याचं नव्हतंच, ते मॅट्रिजेल करत असणार आणि तेच आम्ही काढलेलं होतं.

उजेडावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही हेही सांगायला हवं, कारण अटॅकच्या भागात रक्त कमी जातं म्हणून ल्युसिफेरिनही कमी पोचतं आणि सिग्नल खोटा कमी दिसू शकतो. म्हणून त्याच अवयवांमधून डीएनए काढून माणसाच्या डीएनएमधल्या अॅल्यू सिक्वेन्सची पीसीआर (ठरावीक डीएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) केली, ही सिक्वेन्स रॅटमध्ये नसते त्यामुळे घोळ होत नाही. संध्याकाळी उशिरा पीसीआरचे कर्व्ह आले आणि चित्र तेच निघालं, आकडे थोडे सौम्य, बाकी तसंच.

त्यानंतर आम्ही पेशी फायब्रिनमध्ये घालायला लागलो. रक्ताची गुठळी ज्याने बनते तेच हे, सर्जन लोक गोंदासारखं वापरतातच त्यामुळे माणसात नवीन नाही. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र आले की काही सेकंदांत घट्ट होतं, दादांना सुई तिरकी घालून हळू सोडायची आणि काढायच्या आधी थांबायचं अशी पद्धत बसवावी लागली. पहिल्या तासाला हृदयातला ठिपका स्पष्ट मोठा झाला. आणि मग पुढच्या दिवसांत तो परत घटायला लागला, साध्या ग्रुपमध्ये जास्त आणि कॉकटेलवाल्यात कमी. हा फरक आम्हाला आधी कधी इतका स्वच्छ दिसलाच नव्हता, कारण आधी पहिल्याच तासाच्या गळतीत तो बुडून जायचा. पोरं डार्करूममध्येच नाचली.

माझं ठाम मत झालंय की फक्त सातव्या दिवसाचा एक आकडा देऊन सर्व्हायव्हल वाढलं म्हणणाऱ्या कामावर विसंबू नये, पहिल्या तासाचा आकडा शेजारी पाहिजे. नाहीतर आपण गोंदाचं श्रेय औषधाला देतो.

आणि पेशी टिकल्या की काम संपलं असंही नाही. २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात १ अब्ज पेशी घातल्या तेव्हा त्या टिकल्या, स्नायूशी जोडल्याही गेल्या, आणि त्या माकडांना अनियमित ठोके सुरू झाले, कारण या पेशी अजून कोवळ्या असतात आणि आपल्या आपणच ठोके देतात. आपण जितक्या जास्त पेशी टिकवू तितका हा धोका मोठा. सिअॅटलच्याच लोकांनी पुढे चार जीन्समध्ये बदल करून पेशींचं हे आपोआप ठोके देणं थांबवायचा मार्ग काढलाय, आणि जर्मनीतल्या गटाने टोचण्याऐवजी बाहेरच स्नायूचा पॅच बनवून हृदयावर शिवायचा रस्ता धरलाय, ज्यात धुऊन जाण्याचा प्रश्नच बराचसा मिटतो. मला पॅचमध्ये जास्त दम वाटतो, मॅडमना अजून सुईच पटते कारण कॅथेटरने छाती न उघडता जाता येईल, आणि यावर आमचं रोज वाजतं.

सध्या फायब्रिनवाल्या प्राण्यांना ईसीजीचे ट्रान्समीटर बसवतोय, चोवीस तास रेकॉर्डिंग. पीएचडीच्या मुलाने पहिल्या तासाच्या इमेजिंगचा प्रोटोकॉल लिहून भिंतीवर लावलाय, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच शिकवतो.